पोळ्यांच्या तव्यावर सॉसेज

तव्यावर सॉसेजची साल तडकली, चुर्र करत रस सुटला. जर्मनीहून परतल्यापासून आमचे हे असल्या सॉसेजसाठी सगळं पुणं पालथं घालत आणि मिळेल त्या पाकिटाला नावं ठेवत. अखेर काल मला कॅम्पातल्या एका दुकानात हवे तसे मिळाले. आमच्याकडे मांसाचा तवा वेगळा, गॅलरीत. आज मी पोळ्यांचाच घेतला. आता कसलं सोवळं! आजारपणात गेलेली यांची चव परतणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी मला वेडी आशा.

यांनी एक तुकडा सावकाश चावला.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"छान."

सकाळच्या पेजेलाही छानच म्हणाले होते. चव जाते तेव्हा माणसाची तक्रारही जाते, आणि घरात उरतो तो नुसता समजूतदारपणा.

अहो, एकदा तरी नावं ठेवा ना!