दोन दारांमधली रेघ

दिवाळीनंतर दाढी करताना मला रोज कापायला लागलं. कधी हनुवटी, कधी ओठाचा कोपरा. मी सगळा दोष बाथरूममधल्या दिव्याला दिला. बल्ब दोनदा बदलला, मग बायकोला म्हणालो, "आपण आता दिवा लावलेलं आरशाचं कपाट आणू. माझं तोंड दिसेल, तुझ्या बाटल्याही आत जातील." बाटल्यांचं नाव निघताच ती लगेच तयार झाली.

मनात पाल कधीच चुकचुकली होती. फरशीच्या रेघा मला मध्ये वाकलेल्या दिसत होत्या. बाहेर लख्ख उन्हात विजेचा खांबही पोटात बाक आल्यासारखा दिसे, आणि तिथे आमच्या बाथरूमच्या बल्बचा काय संबंध, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होतो. डोळ्यांचं नाव काढलं असतं तर पहिली गेली असती ती स्कूटर.

आणि स्कूटर गेली की नातीला शाळेत सोडणं गेलं. आमच्या लेकीची मुलगी तिसरीत आहे. तमिळ आणि इंग्रजी भराभर बोलते, मराठी जरा अडखळत, आणि मला आजोबा न म्हणता 'ताता' म्हणते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या घरापासून तिच्या शाळेपर्यंतची वीस मिनिटं ती माझ्या मागे बसून हुकूम सोडत असते. "ताता, खड्डा! ताता, स्पीड ब्रेकर!" मी "यस मॅडम" म्हणून ब्रेक दाबायचो. हा आमचा खेळ होता. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच काम उरलं होतं.

तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की नवा आरसा आला, त्यात तोंड नीट दिसलं, की डोळ्यांना काही झालेलं नाही. इतका साधा हिशेब.

शनिवारी आम्ही लोकलने शहरात नुंगंबाक्कमला गेलो. स्कूटर नको, पार्किंग मिळत नाही, असं मीच म्हणालो. दुकानात भिंतभर आरशाची कपाटं लावलेली होती, प्रत्येकाच्या कडेने पांढऱ्या उजेडाची पट्टी. बोट टेकवलं की दिवा लागायचा. मी पहिल्यासमोर उभा राहिलो. उजेड भरपूर होता, पण दोन दारांमधली उभी रेघ माझ्या नाकासमोर येऊन बाहेर फुगली होती.

"दारं वाकलीत," मी म्हणालो.

विक्रेत्याने दुसरं दाखवलं. तेही वाकलेलं. तिसरं, चौथं, सगळी तशीच. कारखान्यात मी छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. माझा शिक्का बसल्याशिवाय माल बाहेर जात नसे. त्या तोऱ्यात मी विक्रेत्याला सुनावलं की असला माल मी फाटकातूनच परत पाठवला असता.

"अहो, आरसा घ्यायला आलोय की मुलगी पाहायला?" बायको म्हणाली. एरवी ती एव्हाना चिडली असती. त्या दिवशी मात्र ती कपाटांकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होती.

मी हट्टाला पेटलो आणि बायकोला घेऊन तिथून थेट गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथे एक ओळखीचा कारखानदार होता. पूर्वी त्याच्या पत्र्याच्या पेट्या माझ्याकडे तपासायला यायच्या, आता तो हीच कपाटं बनवत होता. मला पाहून ओरडला, "इन्स्पेक्टर सार वंदुट्टार!" म्हणजे इन्स्पेक्टरसाहेब आले, आणि कामगारांकडे वळून म्हणाला, आता सगळा माल परत येणार. सगळे हसले. मीही हसलो.

त्याने तयार कपाट टेबलावर उभं करून दिवा लावला. मधली रेघ वाकलेलीच.

"मध्ये फुगलंय," मी म्हणालो.

त्याने वाद घातला नाही. लाकडी पेटीतून स्ट्रेट एज काढली आणि माझ्या हातात दिली. कड सरळ आहे की नाही हे जिच्यावर जोखतात ती ही जाड पोलादी पट्टी. तिच्याशी वाद घालता येत नाही, हे मीच नव्या लोकांना शिकवलं होतं. मी ती दाराच्या कडेला टेकवली. कुठेही फट नव्हती. नखाने चाचपलं, कुठेही अडलं नाही. आणि तरीही मला ती पट्टीसुद्धा दारासारखीच वाकलेली दिसत होती.

मी उजवा डोळा मिटला. पट्टी सुतासारखी सरळ झाली. मग तो उघडून डावा मिटला. पट्टी वाकली, आणि मधला तुकडा बोटाने पुसल्यासारखा झाला. मी भयंकर घाबरलो. टेबल धरलं.

"मग कुठलं घ्यायचं?" बायकोने विचारलं.

"तूच निवड."

आमच्या संसारात मी तपासल्याशिवाय साधा स्टीलचा डबासुद्धा घरात आलेला नाही. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने पट्टी माझ्या हातातून काढून पेटीत ठेवली, समोरचंच कपाट घरी पाठवायला सांगितलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, असं तिने ठरवूनही टाकलं. स्कूटरची किल्ली सवयीने खिशात होतीच. मी ती काढून तिच्या हातात दिली.

"नातीला काय सांगायचं?" मी विचारलं.

बायकोने किल्ली पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "काल संध्याकाळी मी तिला सहज विचारलं, रस्ताभर एवढी ओरडतेस कशाला गं? तर म्हणाली, तातांना खड्डे दिसत नाहीत ना, म्हणून मी सांगते. पण तू त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतं आपण खेळतोय."