परमुलखातली नारळी पौर्णिमा

मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं की नाही, या एकाच प्रश्नाने १९९६ साली माझी झोप उडवलेली. आम्ही ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. माझा बाप खाडीत होडी घालायचा, मी कोलशेतच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो आणि माझी सतरा वर्षांची लेक म्हणत होती की तिला समुद्रातल्या जिवांचं शास्त्र शिकायचंय, तेही पार स्कॉटलंडात जाऊन. पोरगी हुशार. फी माफ होणार होती आणि दोन विद्यापीठं तिला घ्यायला तयार होती. लंडनला असलेला माझा मेहुणा म्हणाला, "दोघं या, विद्यापीठं बघा, थोडं फिरा, मग काय ते ठरवा." तिकिटंही त्यानेच काढली. नाही म्हणायला मला सबबच उरली नाही, आणि याचाच मला जास्त राग आलेला.

माझी बायको मार्केटात मासळी विकते. घरात शेवटचा शब्द तिचा. निघताना तिने माझ्या बॅगेत शेंडीवाला नारळ ठेवला, कारण आम्ही तिकडे असतानाच नारळी पौर्णिमा येत होती. त्या दिवशी कोळ्याने दर्याला नारळ द्यायचा म्हणजे द्यायचा, मग दर्या कुठलाही असो. "पोर त्याच्या काठाला ऱ्हानार, मंग त्याला इचारल्याबिगर कसा?" ती म्हणाली. मग माझ्याकडून वचनही घेतलं. "सगला नीट बगून या. पन जिथं सांजची तिची वाट बगनारा कोन नाय, तिथं पोरीला सोरू नका." मी आनंदाने वचन दिलं. खरं सांगतो, असं घर परक्या मुलखात मिळणारच नाही, अशी माझी खात्री होती.

लंडनच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बॅग उघडली, नारळ काढला, कानाशी हलवून बघितला आणि विचारलं, हे काय? मी इंग्रजीची जुळवाजुळव करेपर्यंत लेक म्हणाली, "पूजा." साहेबाने एकदा नारळाच्या शेंडीकडे आणि एकदा माझ्या मिशांकडे बघितलं आणि आम्हाला सोडलं. त्यानंतरचे दिवस मात्र मजेत गेले, हे कबूल करायला हवं. दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट पकडून आम्ही बापलेक लंडन फिरलो. मग उत्तरेला स्कॉटलंडात जाऊन एका शहरातला डोंगरावरचा किल्ला चढलो. पहिलं विद्यापीठ त्याच शहरात होतं. इमारती भारी, पण समुद्र लांब, म्हणून लेकीने नाक मुरडलं. दुपारी तळलेला मासा खाल्ला. एवढा ताजा मासा आणि त्याला ना मसाला ना आंबट. बायकोने बघितला असता तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

दुसरं विद्यापीठ एका लहानशा बंदराच्या गावात होतं. तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या हौदात खेकडे, मासे, शेवाळं असं सगळं जिवंत ठेवलेलं. माझी पोर त्या हौदाशी अशी उभी राहिली की तिला हाक मारायचीही मला हिंमत होईना. मला तेव्हाच कळलं, ही इथली झाली. पण ऑफिसातल्या बाईंनी हसतमुखाने सांगितलं की वसतिगृह भरलंय, गावात खोली बघा. आम्ही दिवसभर हिंडलो. एक खोली दारूच्या गुत्त्यावर. एका घरात चार पोरगे राहत होते. एका ठिकाणी मालक स्वतः दुसऱ्याच गावात राहायचा, किल्ली डब्यात ठेवलेली. रात्री मी म्हणालो, "नाही जमायचं, बाय. आईला वचन दिलंय." ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. ऊन अजून चांगलं होतं. मी नारळाला कुंकू लावलं आणि एकवीरा आईचं नाव घेतलं. एरवी माझं मागणं लांबलचक असतं. त्या दिवशी एवढंच म्हटलं, "आई, माझी अक्कल संपली. आता तूच काय ते बघ." आणि नारळ पाण्यात सोडला.

तोच मागून एक काळं केसाळ कुत्रं धावत आलं, धपकन पाण्यात पडलं, पोहत गेलं, नारळाची शेंडी दातांत धरली आणि वर येऊन नारळ सरळ लेकीच्या पायाशी ठेवला. वर शेपटीही हलवली. लेक हसून हसून खाली बसली. मला मात्र हसू येईना. दर्याने नारळ नाकारला, दुसरं काय? मी तसं बोललोही.

लेक डोळे पुसत म्हणाली, "बाबा, आपल्याकडे पोरं खाडीत उड्या टाकून नारळ काढतात, तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवता ना? मग या बिचाऱ्याने काय घोडं मारलं?"



एवढ्यात कुत्र्यामागून एक म्हातारी बाई धापा टाकत आली आणि माफी मागू लागली. लेकीने तिला आमची रीत समजावली. बाई एकदम गंभीर झाली. तिचा नवराही मासेमारी करायचा, म्हणाली. त्याची बोट निघाली की ती या धक्क्यावरून पाण्यात थोडी दारू ओतायची, समुद्रासाठी. आता नवरा नव्हता, मुलगा लांब गेलेला, घरात ती आणि हे कुत्रं. मग तिने सहज विचारलं, "मुलगी इथे शिकायला येणार का?" लेक म्हणाली, "खोली मिळाली नाही." बाई म्हणाली, "माझ्याकडे मुलाची खोली रिकामी आहे, बघता का?"

घर धक्क्याच्या वरच होतं. खोली स्वच्छ, खिडकीतून बंदर दिसायचं. बाईने आपला एकच नियम सांगितला. जेवण सहाला. यायचं नसेल तर आधी कळवायचं, नाहीतर ती कुत्र्याला घेऊन गावभर शोधत फिरेल. लेकीने मला हे मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता ती रडायलाच लागली. मी अंगणातल्या दगडावर नारळ फोडला. अर्धा दर्याला दिला, अर्ध्याचा प्रसाद सगळ्यांनी खाल्ला. कुत्र्यालाही त्याचा वाटा दिला, मान त्याचाच होता.

सकाळी मी घरी फोन लावला. सगळं ऐकून बायकोने विचारलं, "सांजची वाट बगंल ती बाय?" म्हटलं, बघेल. "मंग सोरा," ती म्हणाली, आणि पलीकडे तिला हुंदका आला.

लेक तिथे शिकली, आणि बाईने शब्द पाळला. त्या कुत्र्याला एकवीरा आईने पाठवलं की ते आपल्या खोडीनेच पाण्यात पडलं, या वादात मी पडत नाही. मी सगळी अक्कल चालवून जे घर शोधत होतो, ते मी शोधणं सोडल्यावर चालत माझ्यापर्यंत आलं, एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. आईचे उपकार मी कोणत्या तोंडाने सांगू? आजही कार्ल्याचा डोंगर चढून तिच्यासमोर उभा राहतो, तेव्हा लेकीला सांभाळ असं म्हणत नाही. हात जोडतो आणि सांगतो, "आई, पोर तुझ्याकडेच आहे."