सरकारला कर्ज देणारे घड्याळवाले मामू

आमच्या तालुक्यात सरकारकडून कर्ज घेणारे हजारो निघतील, पण सरकारला कर्ज देणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे बसस्टँडसमोरच्या पत्र्याच्या टपरीत बसणारे घड्याळवाले मामू. आज मी एका महापालिकेच्या वित्त विभागात खुर्चीवर बसतो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून आई आल्यागेल्याला माझं कौतुक सांगते. पण मला या खुर्चीपर्यंत ज्यांनी आणलं, त्यांत आईवडिलांच्या खालोखाल नाव मामूंचंच आहे. ते माझ्या नात्याचे नव्हते आणि गावचेही नव्हते. युसूफ वडगाव या आमच्या गावाहून मी एसटीने कॉलेजला यायचो म्हणून त्यांनी माझं नावच ‘वडगाव’ करून टाकलं होतं. खरं नाव त्यांना आजही ठाऊक आहे की नाही, मला शंका आहे.

झालं होतं असं की, फार वर्षांपूर्वी पाण्याच्या एका सरकारी महामंडळाने धरणावरून नळयोजना आणायची ठरवली. खजिन्यात तेवढा पैसा नव्हता, म्हणून त्यांनी लोकांसाठी कर्जरोखे काढले. तुम्ही आज पैसे द्या, आम्ही दर सहा महिन्यांनी व्याज देऊ, आणि पंधरा वर्षांनी मुद्दल परत करू. हमी राज्य सरकारची. मामूंना तेव्हा वडिलांच्या जमिनीतला वाटा मिळाला होता. ते मुदत ठेव करायला बँकेत गेले आणि टेबलावर पडलेला हा अर्ज पाहून तोच भरून आले. घरी आल्यावर मामींनी विचारलं, “पैसे कुठं ठेवले?” मामू म्हणाले, “सरकारला दिले. त्यांना लई गरज हाय.” मामी दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून मामूंची चालच बदलली म्हणतात. व्याज जमा व्हायच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून बँकेत जात आणि खात्यात आकडा पडलेला पाहून परत येताना शेजारच्या चहावाल्याला जिलबी देत. “सरकार वेळेवर हाय,” एवढंच सांगत, जणू सरकार हे त्यांच्या ओळखीतलं एखादं सुधारलेलं पोरगं असावं. दर शुक्रवारी नमाजानंतर गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर त्यांची फेरी ठरलेली. तिथला पंप ऑपरेटर त्यांना लांबून पाहिलं की स्टुलावरून उठायचा. आदराने नव्हे, पळायला. एकदा व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकताना दिसलं, तर मामूंनी त्याला तासभर उभं करून ठेवलं.
“हे काय हाय?”
“गळतंय थोडं, मामू.”
“थोडं? माझा पैसा गळायलाय बे तिथून!”
आणि तिथल्या तिथे त्यांनी माझ्याकडून महामंडळाला अर्ज लिहून घेतला. खाली सहीशेजारी ‘रोखेधारक’ असं कंसात लिहायला लावलं. असे सात अर्ज गेले आणि आठव्याला व्हॉल्व्ह बदलला गेला.

पाणीपट्टीच्या बाबतीत तर त्यांनी बाजारपेठेला सळो की पळो करून सोडलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की पाणीपट्टीचा पैसा आधी वेगळ्या खात्यात जाईल आणि त्यातून रोख्यांचं व्याज आधी भागेल. एवढं एक कलम मामूंना पुरलं. घड्याळ दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी पाणीपट्टीची पावती मागत. कापडवाला शेठ एकदा चिडून म्हणाला, “मामू, तुमी नगरपंचायतीत नोकरीला लागले का काय?” मामू भिंगातून डोळा न काढता म्हणाले, “तुमी पट्टी भरली न्हाई, मग माझं व्याज कुठून येणार? तुमच्या नळातून?” शेठने दुसऱ्या दिवशी पट्टी भरली आणि पावती टपरीवर आणून दाखवली.

त्यातच त्यांना पतमानांकनाचा शोध लागला. रोखे काढणाऱ्या संस्थेची परतफेडीची पत किती, हे तपासून तिला अक्षरी दर्जा देतात, हे कळल्यावर मामूंनी अख्ख्या गावाला दर्जे वाटून टाकले. चहावाला ‘डबल ए’, कारण दूधवाल्याचे पैसे ठरल्या दिवशी देतो. मामी ‘ट्रिपल ए’, त्यात वाद नाही. कडा गावचे त्यांचे जावई मात्र ‘नजरेखाली’. बकरी ईदला येतो म्हणून मोहरमला आलेला माणूस, त्याची पत घसरणारच. मला त्यांनी ‘बी बी’ दिला होता. मी हिरमुसलो तेव्हा म्हणाले, “नाराज कावून होतो? पुढं चढणार असं लिवलंय मी बाजूला.”

माझी त्यांची ओळखही या रोख्यामुळेच झाली. माझे वडील लग्नकार्यातले आचारी. त्यांचं मनगटी घड्याळ रश्शात पडलं, ते घेऊन मी टपरीवर गेलो होतो. मामूंनी झाकण उघडलं, वास घेतला, म्हणाले, “मसाला चांगला हाय. कॉलेजात जातो काय? इंग्रजी येतं?” मी हो म्हणालो. तर गल्ल्याखालून महामंडळाचं ते जाडजूड माहितीपत्रक काढून समोर ठेवलं. मजुरी नको, एक पान वाच. त्यांची ही रीतच होती. स्वतः उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, तेव्हा येईल त्या शिकलेल्या गिऱ्हाइकाकडून एकेक पान वाचून घ्यायचं. बाकीचे एक पान वाचून पळाले. मी तीन वर्षं वाचत राहिलो. वाचता मला येत होतं, कळत त्यांना होतं. एखादा शब्द अडला की मी शब्दकोश उघडायचो, आणि मी अर्थ सांगायच्या आत मामू उदाहरण देऊन मोकळे व्हायचे.

त्यातलं एक उदाहरण मी जन्मभर विसरणार नाही. बँकेतून आणलेल्या दुसऱ्या एका माहितीपत्रकात ‘नोट’ आणि ‘बाँड’ असे दोन शब्द शेजारी आले आणि मला फरक कळेना. मामूंनी पेचकस खाली ठेवला. “हे बघ वडगाव. ऊस कारखान्याला गेलाय, बिल पुढच्या महिन्यात येणार, पण किराणा आज पायजे. तवा महिन्याभरासाठी घेतले, बिल आलं की दिले, ती नोट. अन् हीर खांदायची म्हणून घेतले, ते बाँड.”
“पण विहिरीचे पैसे इतकी वर्षं का फेडत बसायचे?”
“हिरीचं पाणी नातवंडं पिणार का न्हाई? मग आजच्याच माणसानं सगळं कावून भरायचं? जो पेईल तो थोडं थोडं भरेल.”
नोकरीच्या मुलाखतीत मला नेमका हाच प्रश्न आला. पालिका किराण्यासाठी, म्हणजे पगारासारख्या चालू खर्चासाठी, लांब मुदतीचे रोखे काढायला लागली तर काय होईल, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, “नातवंडं आजोबांच्या साखरेचे पैसे फेडतील, सर.” तिन्ही साहेब एकमेकांकडे पाहून हसले. मी घाबरलो. महिन्याने नेमणुकीचं पत्र आलं.

मी शहरात गेलो आणि पुढच्याच वर्षी मामूंच्या रोख्याची मुदत संपली. मूळ कागद पाठवा आणि मुद्दल घेऊन जा, अशी महामंडळाची पत्रं येऊ लागली. मामूंनी ती वाचून घेतली आणि घडी घालून ठेवून दिली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मुदतीनंतर व्याज मिळत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी कागद काही देईनात. तशात बसस्टँडसमोरच्या टपऱ्या उठणार असं ठरलं. जुन्या टपरीवाल्यांना नव्या संकुलात गाळा मिळणार होता, पण ठरलेल्या तारखेच्या आत अनामत भरली तर. नाहीतर चाळीस वर्षांची जागा जाणार. मी दिवाळीला घरी आलो, तेव्हा मामींनी मला बोलावून घेतलं. “तू तरी सांग त्यांना. पैसे सरकारात पडून हायेत अन् हे कागद कवटाळून बसल्यात. महिना राह्यला फक्त.”

मी टपरीवर गेलो. मामू दिवाळीचा फराळ खात म्हणाले, “तू ह्यासाठीच आलास, मला ठाऊक हाय.”
“मग का देत नाही कागद?”
मामूंनी हातातली चकली मोडली. मग म्हणाले, “कागद हाय तवर मी टाकीवर जाऊन विचारू शकतो. साहेब लोक अर्जाला जबाब देत्यात. कागद दिला की मी कोण? घड्याळवाला. अन् घड्याळं बी आता कोण दुरुस्त करतंय बे?”
मग त्यांनीच शिकवलेलं बोललो. “मामू, मुदत दोघांनी पाळायची असते. घेणाऱ्याने वेळेवर द्यायचं, देणाऱ्याने वेळेवर मागायचं. महामंडळ दोन वर्षं पैसे घेऊन उभं आहे आणि तुम्ही घेत नाही. त्यांच्या पुस्तकात हे कर्ज उगाच लोंबकळत पडलंय.”
मामूंनी चकलीचा तुकडा खाली ठेवला. “म्हंजी डिफॉल्ट माझ्याकडून हाय?”
“तुमच्याचकडून.”
दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीला ते माझ्याआधी येऊन उभे होते, इस्त्रीचा सदरा, अत्तर, आणि छातीशी कापडी पिशवी.

महामंडळाच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी नोंद शोधली, नाव जुळलं, म्हणाल्या, “आजोबा, कागदाच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करा, की झालं.” मामूंनी पिशवीतून रोखा काढला आणि मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे मॅट्रिकच्या गुणपत्रिकेपासून वडिलांच्या मृत्युदाखल्यापर्यंत जे जे मोलाचं, ते लॅमिनेशन करून ठेवतात. मामूंनी रोखा आणल्या आणल्या झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करून घेतला होता.
“ह्याच्यावर सही कशी करणार, आजोबा?”
“मॅडम, सतरा वर्षं एक सुरकुती पडू दिली न्हाई.”
“तीच तर अडचण आहे.”
प्लास्टिक काढायला गेलं तर छपाई निघून येत होती. मॅडमनी वरिष्ठांना विचारलं आणि परत येऊन सांगितलं की कागद निकामी धरावा लागेल. स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र द्या, आणि पगारदार असे दोन जामीनदार आणा. ‘जामीनदार’ ऐकताच मामूंचा आवाज चढला. “पैसे मी दिले. कागद मी संभाळला. अन् जामीन बी मीच आणायचा? सतरा वर्षांमागं मी तुमाला जामीन मागितला होता काय?”
सगळं कार्यालय हसलं. मॅडम हसल्या नाहीत. “नाही मागितला, आजोबा. तुम्ही विश्वास ठेवला होता. पण मला नियमाने चालावं लागतं.” मामू खाली बसले. “नियम असंल तर मग हाय. पानावर वाचून घेतलाय मी तो,” म्हणाले.

पहिला जामीनदार मी झालो. माझ्या पगाराच्या कागदाचा घराबाहेर झालेला पहिला उपयोग तो. दुसरा कोण, या चिंतेत आम्ही परतलो आणि चहाच्या टपरीवर बसलो होतो, तर तो टाकीवरचा पंप ऑपरेटर आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. “मी करतो सही,” म्हणाला. मामू त्याच्याकडे बघतच राहिले. “तू? मी तुझं इतकं डोकं खाल्लं!”
“खाल्लं की. पण माझ्या टाकीला एवढा जीव लावणारा दुसरा कोण आलाय का, मामू?”
मामूंनी चष्मा काढून उगाच पुसला आणि त्याला चहा सांगितला.

मुद्दल तारखेच्या चार दिवस आधी जमा झालं. गाळा मिळाला, वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, पण मिळाला. मामींनी पेढे वाटले. मी समाधानाने नोकरीवर परतलो. पुढच्या खेपेस गेलो तर मामू शुक्रवारी दुपारी दुकानातच बसलेले. टाकीवर नाही गेलात, असं विचारलं, तर म्हणाले, “आता काय हक्कानं जाऊ? हिशेब मिटला.” ते हसूनच म्हणाले, पण दिवसभर त्यांनी कुणालाही पावती विचारली नाही, दर्जा दिला नाही. जिना चढून एकच गिऱ्हाईक आलं, त्याला सेल बदलून दिला आणि गप्प बसले. माझ्यामुळे दुकान वाचलं असं मामी म्हणतात. मामूंचं काय वाचलं आणि काय गेलं, हा हिशेब मला अजून लागलेला नाही. यंदा आमच्या महापालिकेने रोखे काढले आणि त्या कागदपत्रांत माझाही हात लागला, तेव्हा मी मामूंना पत्र लिहिलं. ते असं:

‘आदरणीय मामूंना, साष्टांग नमस्कार.

आमच्या शहराने मैलापाण्याच्या प्रकल्पासाठी रोखे काढले. सगळे विकले गेले. माहितीपत्रकाची मराठी प्रत मी तयार केली, अवघड जागी तुमची उदाहरणं आठवून. रोखे बँकांनी आणि मोठ्या फंडांनी घेतले आहेत. आता कागद मिळत नाही, सगळं संगणकावर असतं. त्या लोकांनी आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले. व्याजाचे, मुदतीचे, पतमानांकनाचे. पण पाइप कुठून जाणार, किती खोल पुरणार, हे एकानेही विचारलं नाही. पाहायलाही कुणी आलं नाही.

काम सुरू झालं आहे. मी साहेबांना सांगून ठेवलं आहे की माझे गुरू येतील आणि त्यांना पाइपांचे सांधे दाखवावे लागतील. कुठल्या हक्काने, असं त्यांनी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. मामींना सोबत आणा. आमच्या घरी राहा, आईही सध्या इकडेच आहे. स्टँडवर मी घ्यायला येईन. फक्त या महिन्यात या. चर अजून उघडा आहे. पुढच्या महिन्यात माती टाकतील, मग वरून काही दिसणार नाही.

तुमचा,
वडगाव’