शेऱ्याच्या वहीतला शब्द

धानोऱ्याकडच्या जंगलात फारेष्टचा बंगला होता. तिथी माहा नवरा चौकीदार. मांगच्या दोन खोल्या आमाले राह्याले देल्या होत्या. नोकरी गेली का खोल्याही जानार.

बोडीतल्या, म्हंजे लहान तळ्यातल्या, मासोळ्या मी बंगल्याच्या ओट्यावर सुकवत होती. ऊन तिथीच चांगलं. एक दिवस एक साहेब आला, नाकाले रुमाल लावला, शेऱ्याच्या वहीत इंग्रजीत कायतरी लिवलं अन् न जेवताच जीपमंदी बसला.

आमी दोघंही अडानी. वही पदराखाली घेऊन मी शाळेच्या गुरुजीकडे गेली. त्यायनं वाचलं, "डिस्गस्टिंग."

"म्हंजे काय जी?"

"किळस. नुसतं आवडलं नाई असं नाई, बाई. पाहून ओकारी यावी, तवा हा शब्द वापरतेत."

"मासोळीलेच म्हनतेत का मानसालेही?"

गुरुजीनं वही माह्या हाती देली. "मानसालेही म्हनतेत. अन् परवा चांद्याचे मोठे साहेब येऊन राह्यले. ते वाचतीनच."

मासोळ्या उचलल्या, ओटा घासला, तरी वास जाईना. मंग साहेब यायच्या दिवशी पहाटीच ताजं शेन आनलं अन् सारा ओटा सारवून काढला. आमच्यात त्याहून चोखं काई नसते.

नवरा आला, ओटा पाह्यला. "काय केलं व हे? साहेबाले शेनाची किळस आली तं?"

हे माह्या डोक्यातच आलं नव्हतं. धुवाले पानी आनेपर्यंत जीप दारात. साहेबाचे बूट ओल्या सारवनात उमटले. त्यानं बूट पाह्यले, मंग वही वाचली.

"इथं काय होतं?"

"मासोळ्या, साहेब. मीच सुकवत होती. माह्या नवऱ्याचा काई दोष नाई."

"आणि हे?"

"शेन. साफ केलं."

साहेब वहीत दोन ओळी लिवून आत गेला.

तो गेल्यावर पुन्हा गुरुजीकडे. गुरुजीनं वाचलं, "चौकीदारानं मासे बंगल्यापासून दूर सुकवावे. ओटा पाण्यानं धुवावा." मंग वही मिटून म्हने, "नोकरी राह्यली, बाई. ज्याले काढाचं असते, त्याले मासे कुठी सुकवाचे हे कोनी सांगत नाई."

तवापासून मासोळ्या बोडीच्या पारीवर, मातीच्या बांधावर सुकवल्या. कावळे हाकलाले काडी घेऊन बसा लागे, तरी अर्ध्या तेच नेत.

अन् जेवाले बसाच्या आधी हात हुंगाची सवय लागली, ते काई सुटली नाई. अजूनही हात नाकाशी जातेच.