शालनच्या फोनमधला शेठ

शालनला सोलापुरात कुणी गोड बाई म्हटलेलं नाही. टॉवेलच्या कारखान्यात डाईंग, म्हणजे रंगाई खात्याची ती सुपरवायझर, आणि जीभ अशी की भले भले गडी तिला बघून विडी विझवायचे. पण खोटं तिच्या नावावर कुणी खपवलं, तर ती पिच्छा सोडणारी नव्हती. कारखान्याचा मालक मल्लिनाथशेठनं नेमकं तेच केलं.

हायड्रोमध्ये, म्हणजे ओले टॉवेल गरगर फिरवून पिळणाऱ्या यंत्रात, तिच्या खात्यातल्या मायाप्पाचा उजवा हात कोपरापासून गेला. झाकणाचं लॉक तुटलेलं होतं. मायाप्पानं भरपाईचा दावा लावला, तेव्हा शेठनं कोर्टात लिहून दिलं की यंत्र बंद ठेवायला सांगितलं होतं, शालननं परस्पर चालवलं. वर तिला कामावरून काढलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

खरं तर शेठ शालनला हुकूम सोडायचा तो व्हॉट्सअ‍ॅपवर, बोलून. टाइप करायचा त्याला कंटाळा. अपघात झाल्याबरोबर त्यानं आपले सगळे मेसेज स्वतःच्या आणि शालनच्याही फोनमधून पुसले. मायाप्पाचा फोन दवाखान्यात नेताना शेठच्या माणसानं ठेवून घेतला, तो परत आलाच नाही. कोर्टानं कामगारांचे फोन मागवले, तर बाकीच्यांचे एकाएकी हरवले. शेठ निवांत झाला. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याचा प्रत्येक हुकूम शालन खात्याच्या ग्रुपवर पुढे पाठवायची, आणि पुढे गेलेला मेसेज मूळचा पुसला तरी तसाच राहतो.

हे उशिरा कळल्यावर "फोन हरवला म्हण आणि कामावर ये," असा शेठचा निरोप आला. शालन निरोप्याला म्हणाली, "शेठला सांग, फोन लई जपून ठिवलाय."

तिची वकील प्रियदर्शनी. तिनं शालनला समोर बसवून समजावलं. "मावशी, शेठचा तेवढाच आवाज काढून देता येणार नाही. त्या दिवसाचा अख्खा ग्रुप द्यावा लागेल, आणि त्यात खाली तुमचाही आवाज आहे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन होईल हो."

"कापू दे की," शालन म्हणाली. "पर त्यो सुटता कामा न्हाय."

कोर्टात तिच्या फोनमधले ते मेसेज वाजवले. आधी शेठ बोलला, "झाकणाचं नंतर बघू. माल आज गेला पाहिजे." समोर बसलेल्या शेठच्या तोंडचं पाणी पळालं. ते बघून शालनला जे बरं वाटलं, तसं नातवंड झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. मग लगेच तिचा स्वतःचा आवाज आला, "ऐकलं न्हवं? नाटकं नगंत. मायाप्पा, चालव तू."

बाहेर व्हरांड्यात मायाप्पा तिच्यापुढं येऊन उभा राहिला. दावा लागल्यापासून प्रत्येक तारखेला तो तिच्याच डब्यातलं खात होता.

"ताई, शेठचं बोलणं मी त्या दिवशी ऐकलंच न्हवतं," तो म्हणाला. "तुमी चालव म्हणला, म्हणून चालवलं."

शालनला त्याच्या रिकाम्या बाहीकडं बघवेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती बघत राहिली.

"त्ये बी आत जाऊन सांग," ती म्हणाली. "मी न्हाय म्हणणार न्हाय. फकस्त आदी त्येला बुडू दे."