सुभेदारांचा एकट्याचा तंबू

आमचे सुभेदार घरात बसत नाहीत. खुर्चीला टेकतात आणि लगेच उठतात, उसाला पाणी पोचलं का बघून येतात, चपला काढतात न काढतात तोच परत फाटकाशी जाऊन उभे. पेन्शनीत आल्यापासून मी हेच बघते आहे. पलटणीत होते तेव्हा माझ्या जिवाला घोर होता, घरी आले तर डोक्याला ताप झाला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणते. ते हसतात आणि पुन्हा फाटकाशी जातात.

नाव उदयसिंह, गाव कडेगावजवळ. सासऱ्यांच्या काळात या घरातले पुरुष जाळी आणि कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे जायचे. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली, जाळी माळ्यावर पडली. पाय मात्र बंद झाले नाहीत. पाटणच्या वरच्या डोंगरात मल्हार नावाचा त्यांच्या ओळखीचा धनगर राहतो. त्याच्या मालकीच्या रानात जाऊन हे गव्याचा, डुकराचा, नशीब असलं तर बिबट्याचा माग काढतात, दबा धरून बसतात आणि फोटो घेऊन येतात. बंदूक नाही, काही नाही. तरी निघताना म्हणणार, "शिकारीला चाललोय."

जोडीला वजीरभाई असायचे. त्यांचं कडेगावात ताडपत्रीचं दुकान आहे. दोघं जुन्या ट्रकची ताडपत्री घेऊन जायचे, दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिच्यावर टाकायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवले की झालं घर. दवात भिजली की ती ताडपत्री उचलवत नसे. पण ती वजीरभाईंच्या पाठीवर असायची, त्यामुळे सुभेदारांना ती कधी जड वाटली नाही.

मग वजीरभाईंचा गुडघा गेला. डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितला. मला वाटलं, चला, आता आमचेही घरी बसतील. कसले बसतात! आता एकट्यानेच जायचं, आणि त्यासाठी पाठीवर सहज मावेल असा हलका तंबू घ्यायचा, हे त्यांनी वजीरभाईंना भेटून परत येईपर्यंत ठरवून टाकलं होतं.

मला तिथेच धडकी भरली. त्यांना साखरेचा आजार आहे. वेळेवर खाल्लं नाही की हातपाय कापतात, दरदरून घाम सुटतो, बोलणं अडखळतं. शेजारी कुणी असलं तर साखरेचा खडा तोंडात घालेल. डोंगरात एकट्याच्या तोंडात कोण घालणार? हे मी बोलले की ते म्हणायचे, "खिशात ठेवतो की." जसा काही खिसा उठून त्यांच्या तोंडात साखर घालणार होता.

तंबूची निवड सुरू झाली. आमच्या घरात सून बघतानासुद्धा इतका खल झाला नव्हता. सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर तंबूंचे व्हिडिओ. नुसतं वरचं छप्पर घ्यावं तर सगळ्यात हलकं, पण खालून विंचू-किडे आत येणार. एकपदरी कापडाचा घ्यावा तर पहाटे आतून घाम धरतो आणि अंथरूण ओलं होतं. दुपदरी कोरडा राहतो, पण वजन वाढतं. शेवटी चालायच्या काठ्याच खांब म्हणून वापरायच्या आणि वेगळे दांडे न्यायचेच नाहीत, अशी एक जात त्यांना पसंत पडली. कराडच्या एका दुकानात ती आहे असं कळलं आणि आम्ही दोघं गेलो.

"दोघांचा घ्या," मी म्हणाले.

"दुसरं कोण येणार हाय?"

"येईल की कुनीतरी."

"किलोभर वजन वाढतंय. चढताना किलोभर म्हंजे काय, तुला न्हाई कळायचं."

"आवं, पन दुसऱ्याला जागाच न्हाई म्हटल्यावर दुसरा येनार कसा?"

दुकानदार मान खाली घालून बसला. सुभेदारांनी एकट्याचाच उचलला. मग रंगावरून जुंपली. केशरी होता आणि गर्द हिरवा होता. मी केशरीवर बोट ठेवलं तर म्हणाले, "लग्नाचा मांडव घालायचाय व्हय? टेंट दिसला म्हंजे माणूस गेला, आमी हेच शिकलोय." हिरवा घेतला. येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी आल्यावर परीक्षा झाली. उसाच्या कडेला, घाणेरीच्या झुडपाआड त्यांनी तंबू लावला, वरून पाचट पसरलं, आपली पावलंसुद्धा फांदीने पुसली आणि आम्हाला फोन केला, शोधा. मी आणि लंगडणारे वजीरभाई बांधावरून दोनदा गेलो. काही दिसेना. तेव्हा आमच्या अगदी पायाशी पाचट हललं आणि सुभेदार बाहेर आले. इतके खूश मी त्यांना पेन्शनीत आल्यापासून पाहिले नव्हते.

वजीरभाईंनी कपाळाला हात लावला. "सुभेदार, डोंगरात तुमाला शोधनारा दुश्मन असनार हाय का आपला मानूस?"

सुभेदारांनी ते कानावरच घेतलं नाही. थंडी सुरू झाली आणि ते गेले. "दोन रोजात येतो," म्हणाले. तिथे फोन लागत नाही हे मला माहीत होतं. दोन दिवस मी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळ गेली, फाटक वाजलं नाही. मी स्वयंपाक करायची आणि झाकून ठेवायची, पुन्हा फाटकाशी जायची. त्यांचीच खोड मला लागली होती. शेवटी वजीरभाईंकडे गेले. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि जीप काढली.

वर पोचलो तेव्हा मल्हार वाटेतच भेटला. त्याला आमच्याआधीच संशय आला होता, कारण परत जाताना सुभेदार नेहमी त्याच्या घरी ताक पिऊन जातात, आणि या वेळी ते आलेच नव्हते. सकाळपासून तो आणि त्याचे भाऊ हिंडत होते.

"त्या कारवीतनं दोनदा गेलो, वैनी," तो म्हणाला. "सुभेदार, सुभेदार म्हनून हाका घातल्या. कायबी न्हाई."

वजीरभाई खाली जीपपाशी थांबले, त्यांना चढवत नव्हतं. मी मल्हारच्या मागोमाग चढले. वर वारा नुसता भणभणत होता. कारवीचं रान सगळीकडे सारखंच, हिरवं आणि गप्प. तो हिरवा रंग मला त्या वेळी इतका वैऱ्यासारखा वाटला की काय सांगू. आधी मी हाका मारल्या. मग रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी मोठमोठ्याने बोलायला लागले. किलोभर वजन वाढतंय म्हणे! आता मी काय शोधू, कुठं शोधू? लपायची एवढी हौस होती तर लग्न कशाला केलं? मल्हार बिचारा चार हात लांब सरकला.

आणि तेवढ्यात कशाला तरी पाय अडकून मी तोंडावर आपटले.

"हळू गं," जमिनीतून आवाज आला. "खुंटी उपटंल."

मी दोरीला अडखळले होते. कारवीच्या फांद्या बाजूला केल्या तर हिरवं कापड. आत सुभेदार. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते. बिस्किटाचे कागद रिकामे पडले होते, खिशातली साखर केव्हाच संपली होती. मी कनवटीची पुडी सोडली आणि खडीसाखर त्यांच्या तोंडात कोंबली. आत दोघांना जागा नव्हती. माझं निम्मं अंग बाहेर होतं, वाऱ्यात.

जरा थरथर थांबल्यावर मी विचारलं, "मल्हार हाका मारत गेला, आयकू आलं न्हाई?"

"आलं."

"मग?"

"सुभेदार म्हनून हाका मारीत हुती सगळी. आन् सुभेदार हितं असा पडल्याला. लाज वाटली गं. म्हनलं, उद्या पायाची सूज उतरंल, आपला आपुन जाईन."

मला इतका संताप आला की वाटलं, दुसराही घोटा मोडावा. यांच्या लाजेपायी मी उद्या इथून काय घेऊन गेले असते, याचा विचार या माणसाच्या मनात आला नव्हता.

"मग मला कशाला ओ दिली?"

"तुज्यापुढं कसली लाज," ते म्हणाले. अगदी सहज, पाणी दे म्हणावं तसं.

मी त्या अर्ध्या तंबूत डोकं घालून रडले. मल्हार आणि त्याच्या भावांनी त्यांना घोंगडीची झोळी करून खाली आणलं. जीपमध्ये वजीरभाई त्यांच्याशी कराडच्या दवाखान्यापर्यंत बोलले नाहीत.

पायाला प्लास्टर होतं तोवर सुभेदार खुर्चीत बसून अख्ख्या घराला हैराण करत होते. प्लास्टर निघालं, आणि ते काठी टेकत टेकत पुन्हा फाटकाशी. घरी बसा असं आता मी म्हणत नाही. हा माणूस घरी बसून बरा होणारा नाही, हे मला एकदाचं कळलं आहे. मी एकटीच कराडला गेले आणि दोघांचा केशरी तंबू घेऊन आले. तो बघून ते म्हणाले, "मांडवच की गं! आन् ह्यो वाढीव बोजा कोन उचलनार?"

"मी उचलंन," मी म्हणाले.

आता आम्ही दोघं जातो. गवा लांबूनच केशरी रंग बघून निघून जातो, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि एकही धड फोटो मिळत नाही म्हणून ते सारखे कुरकुरतात. मला त्याचं काही वाटत नाही. मल्हार त्याच्या अंगणातून आमचा तंबू बघतो. पहाटे उजाडायच्या आधीच सुभेदारांची चुळबुळ सुरू होते, हळूच चेन उघडून एकट्याने सटकायचं असतं. पण तंबूत दाराकडची बाजू मी माझी ठेवली आहे. बाहेर पडायचं तर त्यांना मला उठवावं लागतं.