दशरथच्या तळ्यातले मातीचे खांब

चिचटोल्याच्या दशरथला ब्लॉक कचेरीच्या ओव्हरसियरने फसवलं. आधी एवढं लिहून टाकतो, कारण गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की लोक त्याचा स्वभाव, त्याचं हसणं सांगत बसतात आणि मुख्य गोष्ट जागा उरली तर येते. ज्याने फसवलं तो जिवंत आहे, पेन्शन घेतो. ज्याला फसवलं तो गेल्या महिन्यात गेला. आणि मधली सगळी वर्षं गाव असं समजत राहिलं की फसवलं ते दशरथने, आणि त्याच्यासोबत मी.

बातमी मला लांजीच्या बसच्या कंडक्टरने दिली. बालाघाटला माझं धानाचं दुकान आहे. सकाळी एका गाडीवाल्याशी भाव चालला होता, तो वर चढत होता, मी खाली ओढत होतो. कंडक्टर टपावरचं पोतं उतरवून घेता घेता म्हणाला, "शेठ, तुमचा तो तळेवाला गेला ना. परवा." गावात दशरथला तळेवाला म्हणत. सुरुवातीला कौतुकाने म्हणत, नंतर टोमण्याने. मी गाडीवाल्याकडे वळलो आणि त्याने आधी सांगितलेल्या भावाला हो म्हणून टाकलं. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं कोणाला मिळालं नव्हतं.

दशरथ आणि मी एकाच मोहल्ल्यातले, एकाच वयाचे. दीक्षेनंतर आमचा सगळा मोहल्ला बौद्ध झाला, त्याच्या पुढेमागे आम्ही दोघेही गाव सोडून निघालो. मी डोक्यावर मोहफुलं आणि चिंच घेऊन बाजार करायला लागलो, दशरथ भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत लागला. मी बालाघाटातच राहिलो. तो खोकला घेऊन परत आला. पण खाणीत त्याने माती बघायला शिकून घेतलं होतं. कोणत्या उतारावरून माती वाहते, कुठे साचते, किती वर्षांत किती साचते, हे तो बोलत बसायचा आणि गावातले लोक हसायचे. खाणीतून आलेला माणूस मातीबद्दल सांगतो, त्यात काय नवल, असं त्यांना वाटे.

चिचटोल्याचं तळं जुनं. खालचं सगळं धान त्याच्या पाण्यावर. पूर्वी दर उन्हाळ्यात तळं आटलं की घरटी एक बैलगाडी निघायची, गाळ उपसून शेतात टाकायचे. शेताला खत, तळ्याला खोली. मग मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तळं सरकारचं झालं, आणि सरकारच्या वस्तूला हात कशाला लावा म्हणून लोकांनी गाळ काढणं सोडलं. त्यातच वरच्या टेकडीचं रान तुटलं. पावसाळ्यात लाल पाणी धावत यायचं आणि तळ्यात माती सोडून जायचं. दशरथचं म्हणणं एवढंच होतं की गाळ काढला पाहिजे, पाळीला, म्हणजे तळ्याच्या बांधाला, आतून दगड लावले पाहिजेत, पाणी सोडायचं जुनं लाकडी तुडूम सडलंय ते पक्कं केलं पाहिजे, आणि वर टेकडीवर बांबू, करंज लावून कुंपण घातलं पाहिजे. "नुसता गाळ काढून काय होते गा? वरचं रान उघडं ठेवलं त दहा वर्षांत पुन्हा तेच. तळं बी पाह्यजे, रान बी पाह्यजे." त्या काळी पर्यावरण हा शब्द आमच्याकडे कोणी ऐकलाही नव्हता.

या कामाला पैसा कोण देईल, हे शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. मी धान विकायला जायचो तसा तो तळं घेऊन फिरायचा. नागपूरच्या एका शेठजींच्या ट्रस्टकडे गेला, ते म्हणाले आम्ही फक्त विहिरींना देतो. एका मिशनवाल्यांकडे गेला, ते म्हणाले झाडांना देऊ, तळ्याला नाही. जंगल खात्याने रोपं द्यायचं कबूल केलं, पण कुंपण आधी दाखवा म्हणाले. कुंपणाला पैसे देणारा म्हणाला, झाडं कुठे आहेत? दशरथ हे सगळं माझ्या दुकानातल्या बाकावर बसून न रागावता सांगायचा. राग मला यायचा. मी म्हणायचो, "तू भाव सांगतच नाहीस. हात जोडून उभा राहतेस. तो काहून देईन?"

"सरकारशी भाव करतेत काय, शेठ?"

"सगळ्यायशी करतेत. मले घेऊन चाल."

"तुले नेलं त तिथं भांडण होईन. मले तळं पाह्यजे, भांडण नाही."

शेवटी ब्लॉकमधून रस्ता निघाला. अट अशी होती : गावाने श्रमदानाने गाळ काढायचा, किती माती काढली ती ओव्हरसियर मोजेल, आणि त्या मापाच्या हिशेबाने सरकार दगडाचं, तुडूमाचं, झाडांचं, कुंपणाचं अनुदान देईल. म्हणजे मापच सगळं. आता माती तर गाड्यांनी शेतात जाणार, मग मोजायचं काय? त्यासाठी खणताना मधे मधे जुन्या जमिनीचे खांब तसेच उभे ठेवायचे असतात. खांब जेवढा उंच, तेवढं खोल खणलं. दशरथला हे खाणीतून ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात चिचटोल्याने जे काम केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सवर्णांचा वरचा मोहल्ला आणि आमचा मोहल्ला एका खड्ड्यात उतरला होता, आणि हे आमच्या गावात सोपं नव्हतं. घमेली हातोहात चालली होती. पण खांबांवरून पहिल्या आठवड्यातच कुरबूर सुरू झाली. आमच्याकडे तळ्याच्या पोटात मातीचा ढीग ठेवत नाहीत. तळं साफ झालं की सगळ्यांनी मिळून तळ सपाट करायचा, ही जुनी रीत. ढीग राहिला तर त्या साली तळं माणूस मागतं, असं म्हाताऱ्या सांगतात. आणि हे खांब तर ओळीने उभे, दुरून समाध्यांसारखे दिसायचे. पार्बताबाई नावाची वरच्या मोहल्ल्यातली म्हातारी रोज पाळीवर उभी राहून ओरडायची, "काहून रे तळेवाल्या, कोणाचं मसान मांडून ठेवलंस? माह्या नातवायले पोहाले जा लागते त्यात!"

"मोजणी होऊ दे वो बाई. मंग माह्याच हातानं मोडतो."

"तुह्या मोजणीले कावळे नेवोत."

लोक हसायचे, पण म्हातारीचं ऐकणारे कमी नव्हते. दशरथ दुपारची भाकरी खांबांच्या सावलीत बसून खायचा, कोणी कुदळ लावू नये म्हणून. ढीग आणि माणूस यांचा संबंध तो मानत नव्हता. पण लोकांची भीती त्याने कधी हसण्यावारी नेली नाही. मोडीन, असा शब्द दिला होता आणि तो पाळायचं त्याच्या मनात होतं.

ओव्हरसियर दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. मधे एकदा दशरथ त्याच्याकडे गेला तेव्हा साहेब म्हणाला, "भाई, थोड़ा हमारा भी ध्यान रखिए." एवढ्या एका वाक्यात किती अर्थ असतो हे माझ्यासारख्या बाजारातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दशरथने साहेबाला जेवायला चांगलं पाहिजे असेल असं समजून, तळ्याच्या शेवटच्या डबक्यात सापडलेले दोन जिवंत मरळ मासे मडक्यात घालून त्याच्या घरी पोचते केले. साहेब शाकाहारी. बायकोने मडकं उघडलं तर मासा उडी मारून अंगणात. हे मला नंतर कळलं तेव्हा मी हसलोही आणि कपाळाला हातही लावला. "अरे, मले विचाराचं त होतं! तो मासे मागत होता काय?"

"मंग काय मागत होता?" दशरथने खरंच विचारलं. लाच हा शब्द त्याच्या डोक्यातही आला नव्हता.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा साहेब आला. त्या दिवशी मी गावातच होतो, पाळीवर दशरथच्या शेजारी उभा. पार्बताबाई होती, वरच्या मोहल्ल्याचे चार-पाच जण होते. साहेब जीपमधून उतरला, पाळीवर चढला, तळ्यात मात्र उतरला नाही. बूट मळतील म्हणून असेल. वरूनच इकडून तिकडे नजर फिरवली. दशरथ टेप घेऊन खाली निघाला होता. साहेबाने त्याला हाताने थांबवलं.

"रहने दीजिए, देख लिया. अच्छा काम है."

"मोजाचं हाय नं साहेब?"

"हो गया समझिए. पानी आने वाला है, ये सब तुड़वा दीजिए."

आणि जीप गेली. साहेबाने 'हो गया' म्हटलं म्हणजे माप कागदावर चढणार, असं आम्ही धरून चाललो. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझ्या धंद्यात समोरचा काय म्हणाला ते शब्दाला शब्द लक्षात ठेवावं लागतं... तुड़वा दीजिए. त्याच संध्याकाळी सगळं गाव कुदळी घेऊन उतरलं. एवढ्या आनंदाने काही मोडताना मी लोकांना कधी पाहिलं नव्हतं. पार्बताबाईने पहिला घाव घातला आणि दशरथला म्हणाली, "आता कसं तळं तळ्यावानी दिसते!" तोही हसला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

पाऊस उघडल्यावर दशरथ अनुदानाचं विचारायला गेला, मी सोबत गेलो. साहेब कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "नाप कहाँ हुआ? खंभे कहाँ हैं? बिना खंभे के मैं क्या लिखूँ?" दशरथ म्हणाला, तुम्हीच मोडायला सांगितलं. "मैंने? मैं ऐसा क्यों कहूँगा, भाई? मुझे कायदा नहीं मालूम क्या?" मी टेबलावर हात आपटला. आजही आपटेन. चपराशाने आम्हाला बाहेर काढलं, आणि पायऱ्या उतरताना दशरथ मला म्हणाला, "तू हात काहून आपटलास? आता तो चिडला." त्याला अजून आशा होती. मला नव्हती. मोडलेल्या मातीचं माप जगात कोणी घेऊ शकत नाही, हे साहेबाला पाळीवर उभं असतानाच ठाऊक होतं.

पुढचं सांगायला फार नाही. दगड लागले नाहीत, तुडूम बदललं नाही, जंगल खात्याची रोपं दुसऱ्या गावाला गेली. गाळ काढल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तळ्यात पूर्वीपेक्षा जास्त पाणी साठलं, आणि तो भार जुन्या लाकडी तुडूमाला पेलला नाही. तिथूनच पाळ फुटली. खालच्या शेतांत वाळू पसरली, उभं धान गेलं. लोकांनी हिशेब लावला : काम आम्ही केलं, सरकार पैसे देणार होतं, तुडूम झालं नाही, मग पैसे गेले कुठे? दशरथ रोज ब्लॉकमध्ये जातो. त्याचा दोस्त बालाघाटचा शेठ. एकाएकी त्या शेठने दुकानावर पक्कं छप्पर घातलं... ते छप्पर माझ्या वीस वर्षांच्या घासाघिशीचं होतं, पण कोणाला सांगणार? मी पाळीवर होतो, ऐकलं, असं म्हणालो की लोक म्हणत, तू तर म्हणशीलच. जे चार-पाच जण त्या दिवशी हजर होते त्यांच्या शेतांत वाळू पडली होती. त्यांना आता काही आठवत नव्हतं. पार्बताबाईने एकदा सांगितलं, साहेबच बोलला म्हणून. तिचा मुलगा तिच्यावर ओरडला. मग तीही बोलली नाही.

दशरथला बैठकीला बोलावणं बंद झालं. दोन मोहल्ले एका खड्ड्यात उतरले होते, ते पुन्हा आपापल्या जागी गेले. साहेबाची बदली झाली, बढती झाली. दशरथ नव्या साहेबांकडे जात राहिला, एकामागून एक. ते त्याचं ऐकून घेत, म्हणत पुन्हा श्रमदान करा, पुन्हा खांब ठेवा, मोजून देऊ. चिचटोल्यात आता त्याच्या शब्दावर घमेलं उचलणारा एक माणूस नव्हता. हे त्याने एकाही साहेबाला सांगितलं नाही. "बरं साहेब," म्हणून उठायचा.

मी शेवटचं भेटलो तेव्हा तो खाटेवर होता, छाती भात्यासारखी वाजत होती. त्याच्या बायकोने, जनावहिनींनी, चहा आणला. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. गावच्या विहिरीवर बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दशरथने बशीभर चहा कसाबसा घेतला. मग म्हणाला, "शेठ, एक विचारू? तो बोलला होता नं? तुड़वा दीजिए म्हणून?"

"बोलला होता गा. मी होतो नं तिथं."

"नाही... कधी कधी वाटते, मीच काही भलतं ऐकलं. सारं गाव म्हणते नाही बोलला. साहेब म्हणते नाही बोलला. एकटा मीच कसा खरा?"

 मरायला टेकलेल्या माणसाजवळ त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेली गोष्टही या लोकांनी राहू दिली नव्हती. तळं गेलं, रान गेलं, ते एक वेळ समजू शकतो. पण तो स्वतःवरच शंका घेऊन गेला. त्याच्या मातीला मोजकी माणसं होती म्हणे, मला तर बातमीच उशिरा मिळाली. वरच्या मोहल्ल्यातून कोणी आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला जनावहिनींनी मला एकच विचारलं, "भाऊजी, आता कोण सांगन?"

तेव्हा सांगतो. ते ओव्हरसियर साहेब बालाघाटातच घर बांधून राहिले आहेत. सकाळी वैनगंगेकडे फिरायला जाताना माझ्या दुकानावरून जातात, मानेने नमस्कारही करतात. जन्मभर मी ज्याच्यात्याच्याशी भाव केला, इथे करत नाही. मला अनुदान नको, माफी नको, खटला नको. साहेब, तुम्ही चिचटोल्याला या. पार्बताबाई अजून जिवंत आहे, दोन्ही मोहल्ले आहेत, जनावहिनी आहेत. त्या सगळ्यांपुढे उभे राहून एवढंच सांगा की त्या दिवशी तुम्ही ते खांब मोडायला सांगितले होते की नव्हते. "नाही" म्हणायचं असेल तर तेही तिथेच, त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणा. कधी येता, बोला.